विमान लागणे

मराठी भाषेत काही क्रियापदे अशी आहेत की, त्यांच्या पोटात एखादे शास्त्रीय सूत्रच दडून बसले असावे असे वाटते. 'लागणे' हे त्यांपैकी एक. ऊन लागते, वारा लागतो, दृष्ट लागते, ठेच लागते. आणि प्रवासास निघालेल्या माणसास बोट लागते, गाडी लागते. कोकण आणि मुंबई यांच्या दरम्यान एके काळी ज्या आगबोटी चालत, त्यांतून ज्यांनी प्रवास केला असेल त्यांस 'बोट लागणे' म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे कारण नाही. डेकवर वळकट्या पसरलेल्या. कोणी कपाळास ओला पंचा गुंडाळून पडले आहे, कोणी लिंबू हुंगते आहे, कोणी कठड्याशी ओणवे उभे आहे. या शब्दप्रयोगात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यात कर्तेपण बोटीकडे आहे, माणसाकडे नाही. उन्हाचा तडाखा बसावा तसा बोटीचा बसला, इतकेच त्यात सांगितलेले आहे. हा मनुष्य नाजूक पोटाचा आहे, भित्रा आहे, असा ठपका त्यात नाही. युरोपातील वैद्यांस व शास्त्रज्ञांस याच निर्णयाप्रत येण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. आणि 'विमान लागणे' हा जो या व्याधीचा अलीकडचा अवतार, त्याच्या इतिहासात तर या विलंबाची किंमत पुष्कळांना अपमानाच्या नाण्यात मोजावी लागली.

हा विषय आम्हांस सुचण्यास एक घरगुती निमित्त झाले. आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई आहेत. त्यांची मुलगी परदेशी असते. नात चार वर्षांची झाली, तरी आजीने तिला मांडीवर घेतलेले नव्हते. तिकिटाच्या पैशांची अडचण नव्हती, प्रकृतीचीही नव्हती. तरी बाई निघेनात. पुष्कळ खोदून विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मला आंबेनळीच्या घाटात गाडी लागते. वर आकाशात काय गत होईल? लोकांदेखत शोभा नको." विमान पडेल आणि आपण मरू ही भीती त्यांस मुळीच नव्हती. भीती होती ती चारचौघांत ओकारी होण्याची. आम्ही प्रथम हसलो. मग विचार केला तेव्हा असे दिसले की, या लाजेला मोठा वंश आहे, आणि त्यात मोठमोठी नावे आहेत.

ग्रीक भाषेत नावेला 'नाउस' म्हणतात, आणि मळमळीला युरोपीय भाषांतून जो शब्द रूढ आहे तो याच 'नाउस'पासून निघालेला. म्हणजे त्या लोकांनी पोटातील ढवळाढवळीला नावेचेच नाव दिले. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका आपल्या एका पत्रात लिहितो की, नेपल्सच्या आखातात समुद्र खवळला असता त्याला बोट अशी काही लागली की, किनारा नीट जवळ येण्याचीही वाट न पाहता त्याने पाण्यात उडी घेतली. सुखदुःखे समान मानावी असा उपदेश करणाऱ्या पंथाचा हा आचार्य! इंग्रजांचा नौसेनापती नेल्सन याची तर गोष्टच निराळी. लहानपणापासून ज्याचे आयुष्य जहाजावर गेले, त्याला वारा जोराने वाहू लागला की अखेरपर्यंत मळमळत असे, आणि हे त्याने स्वतःच पत्रातून कबूल केले आहे. चार्ल्स डार्विन डिसेंबर १८३१ मध्ये 'बीगल' जहाजावर चढला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. या पाच वर्षांत त्याला समुद्राची सवय म्हणून झाली नाही; आडवे पडून मनुके चघळत बसणे हाच त्याचा पुष्कळदा उपाय असे.

ही नावे सांगण्याचा हेतू असा की, धैर्य, बुद्धी किंवा सवय यांचा या व्याधीशी नियमित संबंध दिसत नाही, हे जुन्या लोकांनाही डोळे उघडे ठेवल्यास दिसण्यासारखे होते. पण दोष पोटावर ठेवण्याची खोड जुनी होती. ओकारी पोटातून येते, तेव्हा बिघाडही पोटातच असला पाहिजे, असा सरळ हिशेब. त्यामुळे कोणी पोट आवळून बांधीत, कोणी उपास घडवीत, कोणी खारट पाणी पाजीत. चोराच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला शिपायाने धरून न्यावे, तसा हा प्रकार चालला होता.

खरा अपराधी सापडला तो कानात. आणि तोही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, अपराधी नव्हेच. फ्लुरॅन्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२४ च्या सुमारास पारव्यांच्या आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या, तेव्हा त्या पाखरांचा तोल गेला. ती गरगर फिरू लागली. १८६१ मध्ये पॅरिस येथील वैद्य मेनिएर याने असे दाखविले की, घेरी येण्याचा रोग पुष्कळदा मेंदूचा नसून आतल्या कानाचा असतो. या दोन शोधांचे मर्म समजण्यासाठी गवंड्याची पाणसळ आठवावी. पाणसळीतील बुडबुडा जसा भिंतीचा कल दाखवितो, तशा प्रत्येक कानात परस्परांशी काटकोनात बसविलेल्या तीन बारीक नळ्या आहेत. डोके वळले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूस कळते की आपण वळलो. त्यांच्याच शेजारी दोन लहान पिशव्या आहेत. त्यांत चुन्याचे सूक्ष्म कण आहेत, आणि ते वर-खाली, पुढे-मागे होणाऱ्या वेगाची वर्दी देतात. ऐकण्याचे इंद्रिय म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याच्या आतल्या दालनात हा दुसरा कारभारी मुकाट्याने बसलेला असतो.

१८८१ मध्ये आयर्विन नावाच्या वैद्याने 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रात लिहून बोट, गाडी, झोपाळा या सर्वांच्या विकारांना एकच नाव दिले: गतीचा आजार. त्यानंतर लवकरच, १८८२ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने एक अत्यंत साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आतला कान हेच घेरीचे मूळ असेल, तर ज्यांचे कान जन्मतः किंवा रोगाने बिघडलेले आहेत त्यांस घेरी येता कामा नये. त्याने ५१९ मूकबधिरांची गरगर फिरवून परीक्षा पाहिली. त्यांपैकी १८६ जणांस घेरी म्हणून आली नाही. तुलनेसाठी सुमारे २०० धडधाकट विद्यार्थी फिरविले, त्यांत घेरी न आलेला एकच निघाला. अशा बधिरांस बोटही लागत नाही, हेही पुढे अनुभवास आले. या प्रयोगाचा अर्थ वाचकांनी क्षणभर थांबून पाहावा. ज्याला विमान कधीच, कसल्याही वादळात, लागूच शकत नाही, असा मनुष्य म्हणजे ज्याचा आतला कान निकामी झाला आहे तो. बाकीच्यांत कमीअधिक प्रमाण असते, पण सुटका कोणाचीच नाही. विमान लागणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे, तर शाबूत इंद्रियाचे लक्षण आहे.

मग कान शाबूत असूनही हा गोंधळ का उडतो? १९३१ मध्ये क्लेअरमाँट याने, आणि १९७५ मध्ये रीझन व ब्रँड यांनी अधिक सविस्तर, जे उत्तर मांडले ते साक्षीदारांच्या भांडणासारखे आहे. विमानाच्या बंद खोलीत डोळे सांगतात, "समोरची खुर्ची हालत नाही, भिंत हालत नाही, आपण स्वस्थ बसलो आहोत." कान सांगतो, "खोटे. आपण आताच खाली गेलो आणि पुन्हा वर आलो." दोघेही प्रामाणिक, आणि दोघांच्या जबान्या जुळत नाहीत. ज्याच्या हाती सुकाणू असते त्याला पुढची हालचाल आधीच ठाऊक असते, म्हणून घाटात मोटार हाकणाऱ्यास गाडी लागत नाही आणि मागे बसलेल्यास लागते. पण साक्षी जुळल्या नाहीत म्हणून ओकारी का व्हावी? येथे १९७७ मध्ये ट्राइझमन याने एक चतुर कल्पना सुचविली. निसर्गात डोळे व कान यांच्या साक्षी बिघडण्याचा प्रसंग पूर्वी एकाच कारणाने येत असे, तो म्हणजे विषारी फळ किंवा मूळ खाण्यात आल्याने. तेव्हा मेंदू अशा वेळी विषप्रयोग झाला असे समजतो आणि पोट रिकामे करण्याचा हुकूम सोडतो. ही कल्पना सर्वांनीच मान्य केलेली नाही. आम्हांस मात्र ती पटण्याजोगी वाटते. एवढे खरे की, या उपपत्तीप्रमाणे पोट बिचारे हुकमाचे ताबेदार ठरते. आणखी एक मौजेची गोष्ट १९७४ मध्ये मोजून निश्चित झाली. सर्वांत जास्त मळमळ आणणारे हेलकावे जलद नसतात. सुमारे पाच सेकंदांस एक, अशा संथ गतीने होणारे वर-खाली हेलकावे सर्वांत वाईट. म्हणूनच टांग्याच्या खडखडाटाने जे होत नाही, ते समुद्राच्या लाटेने होते.

आता आकाशाकडे वळू. १७८३ मध्ये पॅरिस येथे माणसे प्रथम विमुक्त फुग्यातून वर गेली, तेव्हा हा प्रश्न फारसा उद्भवला नाही. कारण फुगा वाऱ्याशी झुंजत नाही, त्याच्याबरोबर वाहतो. विमान हे वारा कापीत जाते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, लंडन व पॅरिस यांच्या दरम्यान उतारूंची नियमित ने-आण सुरू झाली, आणि त्याबरोबर आकाशातील मळमळही सार्वजनिक झाली. त्या वेळची विमाने दोन-चार हजार फुटांवरून, फार तर त्याहून थोडी वरून जात. नेमका हाच हवेचा थर दुपारच्या उन्हात उकळत्या आधणासारखा असतो. नांगरलेली जमीन, वाळवंट, डोंगराच्या उघड्या कुशी तापतात. त्यांवरची हवा वर उसळते, शेजारच्या तळ्यावरची किंवा रानावरची खाली बसते. आणि विमान या चढउतारांवरून होडीसारखे जाते. त्यात पेट्रोलचा वास आणि इंजिनांची घरघर. आसनापाशी पुठ्ठ्याचे किंवा कागदाचे पात्र ठेवावे लागे, आणि ते शोभेसाठी नसे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर, टपाल घेऊन उतरले. त्या लहानशा 'पस मॉथ' विमानात बरोबर उतारू नव्हता, टपालाच्या थैल्या होत्या. आणि थैल्यांस विमान लागत नाही! पण अमेरिकेत तोपर्यंत उतारूंचा व्यवसाय जोरात आला होता, आणि तेथे या व्याधीने एक नवा पेशाच जन्मास घातला असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एलेन चर्च नावाची एक शिकलेली परिचारिका होती. ती विमान चालवावयासही शिकली होती. परंतु वैमानिक म्हणून बाईस नोकरी मिळण्याचा तो काळ नव्हता. तिने बोइंग कंपनीच्या अधिकाऱ्यास सुचविले की, उतारूंच्या सेवेस परिचारिका नेमाव्या: लोक घाबरतात, लोकांस विमान लागते, आणि शिकलेली परिचारिका शेजारी उभी असली की त्यांस धीर येतो. सूचना मान्य झाली. १५ मे १९३० रोजी ती ओकलंडहून शिकागोच्या वाटेवर निघाली. सुमारे वीस तासांचा तो प्रवास, वाटेत तेरा ठिकाणी उतरणे. तिच्यासह आठ परिचारिका नेमल्या गेल्या. आज ज्यांस आपण हवाई सुंदरी म्हणतो, आणि ज्यांच्या रूपाचीच जाहिरात पुढे कंपन्यांनी केली, त्यांचा मूळ अधिकार रूपाचा नसून रुग्णसेवेचा होता, हे विसरले गेले आहे.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न राष्ट्रांच्या काळजीचा झाला. विमान लागते म्हणून शिकाऊ उमेदवार गळू लागले. आणि दोराने मोठ्या विमानामागे बांधून ओढल्या जाणाऱ्या बिनइंजिनाच्या विमानांतून जे शिपाई नेत, ते शत्रूच्या भूमीवर उतरत तेव्हा कित्येकांच्या अंगी उभे राहण्याचे त्राण नसे. ज्याला लढावयाचे आहे, त्याला आपल्या सोबत्यांदेखत असे गलितगात्र व्हावे लागणे याहून मोठी मानहानी कोणती? ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जी सेना उतरली तिचा समुद्रप्रवास खराब हवेत झाला. ब्रिटिश शिपायांना आधीच गोळ्या आणि सरकारी शिक्क्याच्या ओकारीच्या पिशव्या वाटलेल्या होत्या. त्या गोळ्यांतील औषध हायोसीन. कॅनडा, इंग्लंड, अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी स्वयंसेवकांस मोठमोठ्या झोपाळ्यांवर बसवून कोणते औषध तारते हे पाहिले, त्यात हायोसीन वरचढ ठरले. हे सत्त्व ज्या झाडांत आढळते ती आपणास परकी नाहीत. आपण जिला खुरासानी ओवा म्हणतो त्या वनस्पतीवरूनच त्याचे नाव पडले, आणि शंकरास वाहतात त्या धोत्र्यातही ते भरपूर आहे. वाचकांनी यावरून धोत्रा खाण्याचे धाडस मात्र करू नये. औषध आणि विष यांतील अंतर येथे फार थोडे आहे.

दुसरे औषध अगदीच योगायोगाने सापडले. १९४७ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गे आणि कार्लिनर हे दोघे वैद्य अंगावर उठणाऱ्या पित्तावर एका नव्या औषधाची परीक्षा करीत होते. त्यांच्याकडे येणाऱ्या एका गर्भवती बाईला आयुष्यभर ट्रॅम व मोटार लागत असे. तिने सांगितले की, हे औषध घेऊन निघाले की ट्रॅम लागत नाही. वैद्यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. तिला नकळत औषधाऐवजी साखरेची गोळी दिली. ट्रॅम पुन्हा लागू लागली. पुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये 'जनरल बॅलू' या सैनिकी जहाजावर, न्यूयॉर्कहून जर्मनीकडे जाणाऱ्या १,३०० हून अधिक शिपायांवर, भर हिवाळी अटलांटिकमध्ये त्याचा मोठा प्रयोग झाला आणि औषध सिद्ध झाले. तेच ड्रामामाइन. त्याच कुळातील प्रोमेथाझीन आपल्याकडे अव्होमिनच्या रूपाने घरोघर पोचले. एस्टीच्या प्रवासाची पिशवी भरताना पाण्याच्या बाटलीबरोबर ती गोळी ठेवणारी आई महाराष्ट्रात दुर्मिळ नाही.

इतके होऊनही, आमच्या मते, उतारूंचे सर्वांत मोठे दुःखनिवारण वैद्यांनी केले नाही, यंत्रज्ञांनी केले. विमानाच्या आत दाबाखाली हवा भरून ठेवण्याची युक्ती साधली, तेव्हा विमानास त्या उकळत्या थराच्या वर जाता येऊ लागले. १९४० मध्ये बोइंगचे 'स्ट्रॅटोलायनर' हे अशा जातीचे पहिले उतारू-विमान सुरू झाले. ते सुमारे वीस हजार फुटांवरून जाई. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघालेली 'मलबार प्रिन्सेस' ही याच सुधारलेल्या पिढीतली. १९५२ मध्ये 'कॉमेट' या जेट विमानाने उतारूंस त्याच्याही दुप्पट उंचीवर नेले, आणि १९६० पासून एअर इंडियाची बोइंग जेट विमाने मुंबईहून उडू लागली. पस्तीस हजार फुटांवर दुपारच्या उन्हाची उसळी सहसा पोचत नाही. गंमत अशी की, ओकारीची मजबूत पिशवी आली ती १९४९ मध्ये: शेल्डाल नावाच्या अमेरिकन संशोधकाने आतून प्लास्टिकचा लेप दिलेली पिशवी नॉर्थवेस्ट कंपनीसाठी केली. म्हणजे खरी चांगली पिशवी हाती आली, आणि तिची गरज ओसरू लागली.

गरज संपली मात्र नाही. चढताना, उतरताना, ढगांतून जाताना आणि पंख्याच्या लहान विमानांत जुना अनुभव अजून येतो. ज्यांस तो येतो त्यांनी इतिहासातून निघणारे काही व्यवहार ध्यानात ठेवावे. उड्डाण शक्यतो सकाळचे घ्यावे. जमीन तापलेली नसते. जागा पंखांजवळची मागावी, कारण तराजूच्या दांडीची टोके जितकी हलतात तितका तिचा मध्य हालत नाही. डोके पाठीमागच्या उशीस टेकून स्थिर ठेवावे. खिडकीतून क्षितिज दिसत असेल तर त्याकडे पाहावे, म्हणजे डोळे कानाच्या बाजूने साक्ष देऊ लागतात. रात्री काही दिसत नसेल तर डोळे मिटावे, म्हणजे निदान विरुद्ध साक्ष तरी बंद होते. वाचन करू नये. वरची हवेची झडप तोंडावर सोडावी. पोट तुडुंब नको, अगदी रिकामेही नको. मद्य तर नकोच. गोळी घ्यावयाची ती मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास. कारण एकदा पोटाचा व्यवहार थांबला की गोळी तेथेच पडून राहते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून उतरल्यावर मोटार हाकू नये. काचबिंदू किंवा लघवीचा अटकाव असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांच्या आईबापांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

आमच्या आज्यांची सुंठ आणि आलेपाक यांचे काय? १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच एक प्रयोग छापून आला. ज्यांस गाडी फार लागते असे ३६ विद्यार्थी फिरत्या खुर्चीवर बसविले, त्यांत सुंठ घेतलेले ड्रामामाइनच्या जातीचे औषध घेतलेल्यांपेक्षा अधिक वेळ टिकले. पुढच्या सर्व परीक्षांनी हा निकाल उचलून धरला असे नाही. आलेपाकाने अपाय मात्र नाही, आणि झोपही येत नाही. सवयीचा उपाय तर सर्वांत जुना. वैमानिकांस अशाच फिरत्या खुर्चीवर रोज थोडे थोडे बसवून कान व डोळे यांचे भांडण मिटवितात. ऑगस्ट १९६१ मध्ये गेरमान तितोव्ह हा सोव्हिएत वैमानिक पृथ्वीभोवती एक दिवसाहून अधिक काळ फिरला, आणि अवकाश 'लागलेला' तो पहिला मनुष्य ठरला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हा या विकारावर योगासनांचा काही उपयोग होतो का हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे दिलेले होते.

हे सर्व आम्ही त्या बाईंस एका संध्याकाळी सांगितले. सेनेकाच्या उडीस त्या हसल्या. नेल्सनचे ऐकून मात्र गंभीर झाल्या. "इतका मोठा माणूस, आणि त्याने ते लिहून ठेवले?" असे त्यांनी दोनदा विचारले. दोन महिन्यांनी त्या गेल्या. सकाळचे विमान, पंखांजवळची जागा, डॉक्टरांस विचारून घेतलेली गोळी आणि पदराखाली आलेपाकाची डबी. पोचल्यावर त्यांच्या मुलीचा निरोप आला: विमानात आईला शांत झोप लागली होती, विमानतळावरून घरी नेताना मोटार लागली, आणि नातीनेच डबा पुढे धरला.